आवाज जपून ठेवा

मुलांनो, संमेलनाच्या चित्रफितीत चित्र स्पष्ट दिसते. पण भाषण नीट ऐकू येत नाही. कॅमेरा दूर असतो, म्हणून पंख्याची घरघरच जास्त ऐकू येते.

यावर उपाय आहे. वेगळा रेकॉर्डर बोलणाऱ्याजवळ ठेवा. त्याच्या ‘लाइन आउट’मधील तार कॅमेऱ्याच्या ‘माइक’मध्ये जोडा. लाइनचा संकेत माइकपेक्षा जोरदार असतो, म्हणून पातळी कमी ठेवा. नाहीतर आवाज फाटतो. हेडफोन लावून आधी ऐका.

तार पुरत नसेल, तर दोन्ही यंत्रे चालू करून कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा. नंतर टाळीचे चित्र व आवाज जुळवा.

दादीच्या आठवणीही अशाच जपा. चेहरा फोटोत उरतो. आवाज मात्र साठवावा लागतो.

प्रश्न : टाळी का वाजवावी?