रामगढच्या टाकीत पाणी कसे चढले?

प्रश्न : ‘शोले’मध्ये राधा रोज रात्री हवेलीतले दिवे एकेक करून मालवते. म्हणजे रामगढ गावात वीज नाही. मग वीरू ज्या उंच टाकीवर चढून जीव देण्याची धमकी देतो, तिच्यात पाणी कसे चढत असेल? ही पटकथेतली चूक नव्हे का?

उत्तर : ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला, तरी टाकीचा प्रश्न अजून गप्पांत हटकून निघतो. शंका रास्त आहे. मात्र तिच्यात एक गोष्ट आपण न तपासता धरून चालतो : वीज नाही, म्हणजे पंप नाही.

टाकीतले पाणी खाली येते ते स्वतःच्या वजनाने, त्याला वीज लागत नाही. प्रश्न फक्त पाणी वर चढवण्याचा. वीज पोहोचण्याआधी आपल्याकडच्या विहिरींवर हे काम डिझेल इंजिन करत असे. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालीच उभी राहिली होती. त्याही आधी वाफेच्या रेल्वे इंजिनांना पाणी पुरवणाऱ्या स्टेशनांवरच्या उंच टाक्या विजेवाचून भरल्या जात.

आता हिशोब पाहू. १०,००० लिटर पाणी विहिरीतून २५ मीटर वर न्यायचे आहे असे धरा. इंजिनात आणि पंपात वाया जाणारी ऊर्जा जमेस धरली, तरी एका लिटर डिझेलमध्ये हे काम उरकते. गावाला हा खर्च मुळीच जड नाही.

‘इंजिन होते, तर मग दिवे का नव्हते?’ असे कोणी विचारील. विहिरीवरचे इंजिन पट्ट्याने थेट पंप फिरवते, वीज तयार करत नाही. दिव्यांसाठी जनित्र हवे, खांब-तारा हव्यात, घरोघरी जोडणी हवी. म्हणून पाण्याची सोय आधी आणि वीज नंतर, असे घडू शकते. १९७५ साली देशातली बहुतेक खेडी विजेविनाच होती. तेव्हा रामगढातले दिवे आणि टाकी सुखाने एकत्र नांदू शकतात.

न दाखवलेली प्रत्येक गोष्ट चूक नसते. सचिनने साकारलेल्या अहमदची हत्या पडद्यावर दिसत नाही. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि पुढे घोड्यावरून मृतदेह गावात येतो. मधले आपण समजून घेतो. कथेनेच सांगितलेल्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नसतील, तरच त्याला चूक म्हणावे.

‘शोले’त खटकण्याजोगी जागा हवीच असेल, तर शेवट पाहा. सबंध चित्रपट ठाकूरच्या सुडाकडे जातो आणि ऐन क्षणी पोलीस येऊन त्याला थांबवतात. याचे कारण कथेत नाही, काळात आहे. आणीबाणी चालू होती आणि ठाकूरसारख्या माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घ्यावा हे सेन्सॉर बोर्डाला मान्य नव्हते. त्यामुळे रमेश सिप्पींना शेवट बदलून पुन्हा चित्रित करावा लागला. मूळ शेवट असलेली पुनरुज्जीवित प्रत २०२५ साली इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. संधी मिळाली तर ती जरूर पाहा : सलीम-जावेद यांनी लिहिलेली सूडकथा तिच्यात तर्काला धरून पुरी होते.