बाजाराच्या दिवशीचा आहार

वजन कमी करण्याच्या इच्छेने आमच्या आहार विभागात येणाऱ्या रुग्णांना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो : इतवारीत खरेदीला जाता, त्या दिवशी काय खाता? बहुधा उत्तर मिळते, "काहीच नाही, जेवायला वेळच होत नाही." थोडे खोलात शिरले की या 'काहीच नाही'मधून एक समोसा, दोन चहा, उसाच्या रसाचा पेला आणि मुलांसाठी घेतलेल्या संत्रा बर्फीचे दोन तुकडे बाहेर पडतात. समोशाच्या सुमारे अडीचशे कॅलरी, रसाच्या शंभरावर, चहा व बर्फी मिळून आणखी तीनशे. म्हणजे एका जेवणाइतके अन्न पोटात गेले, पण जेवल्याचे समाधान नाही. म्हणून घरी परतल्यावर पुन्हा भरपेट जेवण.

"पण आम्ही चालतो ना!" असे यावर म्हटले जाते. किराणा ओळीतून सराफा, तेथून गांधीबागेचा कापड बाजार, अशी फेरी होते हे खरे. तथापि त्यातील बराच वेळ दुकानातील गादीवर बसून जातो. साठ किलो वजनाच्या व्यक्तीने तासभर संथ चालण्यात दीडशे-दोनशे कॅलरीच खर्च होतात. समोसाही त्यात पुरता फिटत नाही.

दोष खरा तर समोशाचा नाही, रिकाम्या पोटी घर सोडण्याचा आहे. भाकरी किंवा पोळी, घट्ट वरण आणि भाजी असे साधे जेवण करून निघाल्यास त्यातील प्रथिने व तंतू भूक तीन-चार तास आवरून धरतात. मग कढईपुढून जाताना मनाला फारशी शिकस्त करावी लागत नाही.

तर्री पोह्यांना आम्ही सरसकट मनाई करीत नाही. नागपूरकराला तसे सांगणे व्यर्थही आहे. चण्याचा रस्सा पौष्टिकच असतो. मात्र वर तरंगणाऱ्या लाल तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 कॅलरी असतात. तो थर बाजूला सारून खालचा रस्सा मागावा आणि शेव नको म्हणावे. तळणाचे तेल काळपट व फेसाळ दिसत असेल तर तेथे थांबू नये. वर्तमानपत्राच्या कागदावर दिलेला पदार्थही टाळावा. छपाईच्या शाईमुळे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2023 मध्ये याबाबत देशभर इशारा दिला होता.

गंमत अशी, की उत्तम खाऊ याच बाजारात विकला जातो. मूठभर, म्हणजे सुमारे 30 ग्रॅम फुटाण्यांत सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि कॅलरी शंभर-सव्वाशे. हंगामात एक-दोन संत्री सोलून खावीत. रस काढला की तंतू वाया जातात आणि एका पेल्यात तीन-चार संत्री सहज रिचतात. मे महिन्याच्या उन्हात तहान हीच पुष्कळदा भूक वाटते, म्हणून घरून पाण्याची बाटली न्यावी. बिनसाखरेचा मठ्ठा चांगला. रक्तदाब असल्यास त्यात मीठ कमी.

भारतीयांत कंबरेचा घेर पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या पुढे गेला की मधुमेहाचा धोका वाढू लागतो. ज्यांना मधुमेह जडलेलाच आहे, त्यांच्यासाठी बाजाराचा दिवस अधिक जोखमीचा असतो. सकाळी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचे आणि खरेदीच्या नादात दुपारचे जेवण चुकवायचे, ही चूक जिवावर बेतू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची लक्षणे होत. गर्दीत ती उन्हाचा त्रास समजून सोडून दिली जातात. अशा वेळी सावलीत बसून तीन लहान चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात मिसळून लगेच घ्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच घ्यावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही देऊ नये, तत्काळ रुग्णालयात न्यावे. बरे वाटल्यावर पोळी-भाजी खावी, आणि पुढच्या तपासणीत हा प्रसंग डॉक्टरांना आवर्जून सांगावा. गोळीची मात्रा कदाचित बदलावी लागेल.