ओव्याचे फूल

पोट दुखू लागले की चिमूटभर ओवा मिठाबरोबर चावावयास देणे, ही कोकणात काय किंवा ग्वाल्हेरीत काय, मराठी घरांतली जुनी रीत. येथल्या बाजारात तो अजवायन या नावाने मिळतो. धने, जिरे व बडीशेप यांच्याच कुळातील हे फळ. त्याच्या लहानपणामुळे आपण त्यास दाणा म्हणतो. हा दाणा बोटांत चुरडताच जो उग्र वास सुटतो त्याचे मूळ कशात आहे, हे विद्यार्थिमित्रांनो, आपण पाहू.

ओव्यात शेकडा सुमारे २ ते ४ भाग बाष्पनशील तेल असते. तिळाच्या तेलाचा कागदावर डाग राहतो. हे तेल मात्र हळूहळू उडून जाते. चुरडलेल्या ओव्यातून पाण्याची वाफ सोडली म्हणजे ते वाफेबरोबर बाहेर पडते आणि वाफ थंड होताच पाण्यावर तरंगते. या तेलात पॅरा-सायमीन व गॅमा-टर्पिनीन ही द्रव्ये असतात. परंतु त्याचा खरा धनी थायमॉल होय. अनेकदा तेलाचा निम्मा भाग थायमॉलच असतो. तेल थंड केले की त्याचे पांढरे स्फटिक जमतात. बाजारात त्यांनाच ओव्याचे फूल म्हणतात. ज्येष्ठात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांपुढे जातो, तरी हे फूल वितळत नाही. त्यास सुमारे ५० अंश उष्णता लागते. मात्र कापूर व पुदिन्याचे फूल यांच्याशी मिसळताच तिन्ही स्फटिकांचे पाणी होते. घरोघरी ठाऊक असलेली अमृतधारा ती हीच.

थायमॉलच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १४ व ऑक्सिजनचा १ अणू असतो. रचनेने ते कार्बोलिक अ‍ॅसिडचे भावंड, म्हणजे फिनॉल आहे. ते जंतूच्या पेशीचे पातळ आवरण बिघडविते; आतील द्रव्ये झिरपून जातात व जंतू मरतो. म्हणूनच गुळण्यांच्या व दातांच्या औषधांत त्याची योजना होते.

जर्मन रसायनज्ञ कास्पार नॉयमान यांनी १७१९ मध्ये थाइम नावाच्या युरोपीय वनस्पतीच्या तेलातून हे स्फटिक मिळविले, म्हणून त्यास थायमॉल नाव पडले. पुढे हिंदुस्थानातील ओवा जर्मनीस जाऊ लागला व तेथे त्याचे थायमॉल बनू लागले. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि हा मार्ग खुंटला. त्या काळी थायमॉलची गरज मोठी होती. अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांतून शरीरात शिरून रक्त शोषणाऱ्या अंकुशकृमीवर तेच प्रमुख औषध होते. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९०९ पासून रॉकफेलर आयोगाने असंख्य रोग्यांना ते दिले.

परंतु जे कृमीस मारते ते मनुष्यासही जाचते. थायमॉल घेतल्यावर तेल अथवा मद्य पोटात गेले तर ते रक्तात वेगाने शोषले जाई व रोग्याच्या जिवावर बेते. पुढे अधिक निर्धोक औषधे सापडताच ते मागे पडले.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. परीक्षानळीत जंतू मेला म्हणजे रोग बरा झाला, असे नव्हे. आणि स्वयंपाकघरातील वस्तू म्हणजे निरुपद्रवी, असेही नव्हे. चिमूटभर ओव्यात थायमॉल अत्यल्प असते. चिमूटभर फूल म्हणजे निव्वळ थायमॉल. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे की, ओवा आमटीत व भज्यांत खुशाल घालावा, पण त्याचे फूल अथवा तेल वैद्य-डॉक्टरांना विचारल्यावाचून तान्ह्या मुलास कधीही देऊ नये.