उजेडाचा हिशेब

(एखाद्या खोलीत किती दिवे लावावेत, हे बहुतेक लोक अंदाजाने ठरवतात. घरात हा अंदाज चालून जातो. पण जेथे यंत्रे चालतात, तेथे तो महागात पडतो. दिव्यांची संख्या साध्या गुणाकार-भागाकाराने कशी काढतात, हे या पाठात सांगितले आहे.)

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता भोसरी आणि मोशी ओलांडून चाकणला पोहोचतो. पूर्वी चाकण म्हटले, की लोकांना कांदा-बटाट्याचा बाजार आठवत असे. आज तेथे मोटारींचे मोठमोठे कारखाने आहेत. हा बदल एका दिवसात झाला नाही. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, स्थापन झाले. मग पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी या भागांत कारखाने वाढत गेले आणि पुढे ते चाकणच्या माळापर्यंत पोहोचले.

मोटार मोठ्या कारखान्यात जोडली जाते. पण तिचे कितीतरी सुटे भाग लहान लहान वर्कशॉपमध्ये तयार होतात. तेथे कारागीर लेथवर लोखंडाचा तुकडा लावतो. या तुकड्याला तो 'जॉब' म्हणतो. जॉब कापून झाला, की तो मायक्रोमीटरने मोजतो. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचता येतो. माणसाच्या केसाची जाडीसुद्धा यापेक्षा कितीतरी जास्त असते!

आता विचार करा. उजेड कमी असेल, तर मायक्रोमीटरवरची रेघ चुकीची वाचली जाईल. जॉब परत येईल आणि मेहनत वाया जाईल. पण जॉब दुसरा करता येतो. बोट दुसरे मिळत नाही. फिरत्या यंत्राजवळ हात नेताना कारागिराला सारे स्पष्ट दिसले पाहिजे. दिवसा खिडकीतून सूर्याचा उजेड येतो. रात्रपाळीला मात्र सारा भरवसा दिव्यांवरच असतो.

म्हणूनच १९४८ साली आपल्या देशात कारखान्यांविषयी कायदा झाला, तेव्हा त्याच्या १७ व्या कलमात उजेडाविषयी नियम घातला गेला. कामगार जेथे काम करतात किंवा ये-जा करतात, तेथे पुरेसा आणि योग्य उजेड असला पाहिजे, असे त्यात म्हटले होते. डोळे दिपवणारी चकाकी आणि अपघात घडवणारी सावली टाळावी, खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात, हेही त्यात होते. यावरून तुमच्या लक्षात येईल, की पुरेसा उजेड ही कोणाची मेहरबानी नाही. तो कामगाराचा हक्क आहे.

पण 'पुरेसा' म्हणजे किती? हे मोजण्यासाठी दोन मापे लक्षात ठेवा. पहिले माप लुमेन. दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, ते लुमेनमध्ये सांगतात. दुसरे माप लक्स. एक चौरस मीटर जागेवर एक लुमेन प्रकाश पडला, तर तो एक लक्स उजेड होय. शेताचे उदाहरण घ्या. पंपातून किती पाणी बाहेर आले, ते लुमेनसारखे. प्रत्येक वाफ्याला किती पाणी मिळाले, ते लक्ससारखे. पंप तोच ठेवून शेत दुप्पट केले, तर प्रत्येक वाफ्याला निम्मेच पाणी मिळेल. उजेडाचेही तसेच आहे.

दुकानात आपण दिवा किती वॅटचा आहे, असे विचारतो. वॅटवरून दिवा किती वीज खातो, एवढेच कळते. तो प्रकाश किती देतो, हे लुमेनवरून कळते. हा आकडा बहुधा खोक्यावर छापलेला असतो.

कोणत्या कामाला किती लक्स हवेत, हे भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ३६४६ या मानकात दिले आहे. नुसत्या ये-जा करण्याच्या वाटेवर सुमारे १०० लक्स पुरतात. वर्गात आणि साध्या यंत्रकामाच्या जागी सुमारे ३०० लक्स लागतात. काम जितके बारीक, तितके लक्स अधिक.

आता एक हिशेब करू. समजा, भोसरीत एक लहान वर्कशॉप आहे. त्याची लांबी १२ मीटर आणि रुंदी ८ मीटर आहे. म्हणजे क्षेत्रफळ १२ × ८ = ९६ चौरस मीटर झाले. तेथे ३०० लक्स उजेड हवा आहे. म्हणून ९६ × ३०० = २८,८०० लुमेन प्रकाश कामाच्या जागी पोहोचला पाहिजे. बाजारात २० वॅटची एलईडी ट्यूब मिळते. ती सुमारे २,००० लुमेन प्रकाश देते, असे धरू. २८,८०० ला २,००० ने भागले, तर उत्तर १४.४ येते. म्हणजे १५ ट्यूब लावल्या की झाले, असे तुम्ही म्हणाल.

पण थांबा! दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश जॉबवर पडत नाही. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम या शास्त्रज्ञाने 'किताब अल-मनाझिर' हा ग्रंथ लिहिला. वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो, म्हणून ती वस्तू आपल्याला दिसते, हे त्याने त्यात समजावून सांगितले. तेव्हा छतावर दिवा कितीही लखलखीत दिसो, त्याचा प्रकाश जॉबवर पडून आपल्या डोळ्यांपर्यंत आला, तरच तो उपयोगाचा.

मग बाकीचा प्रकाश जातो कोठे? काही प्रकाश भिंती आणि छत शोषून घेतात. दिव्यांचा जेवढा भाग कामाच्या जागी पोहोचतो, त्याला उपयोगिता गुणांक म्हणतात. खोलीचा आकार, दिव्यांची उंची आणि भिंतींचा रंग यांवर तो अवलंबून असतो. दिव्यांच्या कंपन्या त्याचे तक्ते देतात. पांढऱ्या भिंतींच्या आपल्या वर्कशॉपसाठी तो ०.६ धरू. शिवाय दिव्यावर धूळ बसते, तेलाचा धूर चिकटतो आणि दिवा जुना होत जातो. त्यासाठी निगा गुणांक धरतात. तो ०.८ धरू.

आता एका ट्यूबचा उपयोगी प्रकाश किती? २,००० × ०.६ × ०.८ = ९६० लुमेन. आणि ट्यूब किती लागतील? २८,८०० ÷ ९६० = ३०. पहिल्या उत्तराच्या बरोबर दुप्पट! नुसत्या अंदाजाने १५ ट्यूब लावल्या असत्या, तर कारागिराला निम्म्या उजेडात काम करावे लागले असते.

याच वर्कशॉपच्या भिंती धुराने काळ्या झाल्या आणि उपयोगिता गुणांक ०.४५ वर आला, असे समजा. मग एका ट्यूबचा उपयोगी प्रकाश ७२० लुमेनच उरेल आणि ३० ऐवजी ४० ट्यूब लागतील. दहा जादा ट्यूब आणि त्यांची रोजची वीज यांपेक्षा चुन्याचा एक हात स्वस्त नाही का?

दिवे बदलतानाही हिशेब करावा लागतो. आपल्या वर्कशॉपमध्ये पूर्वी ४० वॅटच्या जुन्या ट्यूब होत्या आणि प्रत्येक ट्यूब २,४०० लुमेन प्रकाश देत होती, असे धरा. वरच्याच रीतीने तेथे २५ ट्यूब पुरत होत्या. चोकसह प्रत्येक ट्यूब सुमारे ५० वॅट वीज घेई. म्हणजे एकूण १,२५० वॅट झाले. ३० एलईडी ट्यूबना ६०० वॅट पुरतात. आठ तासांच्या पाळीत १० युनिटऐवजी ४.८ युनिट वीज लागते. पण जुन्या २५ ट्यूब काढून एलईडीही २५ च लावल्या, तर उजेड ३०० वरून २५० लक्सवर येतो. वीज वाचते, पण डोळे थकतात. म्हणून दिव्याला दिवा न मोजता लुमेनला लुमेन मोजावे.

संख्या मिळाली, म्हणजे काम संपले असे नाही. सगळे दिवे एकाच कोपऱ्यात लावून चालणार नाही. ३० ट्यूबच्या ५ रांगा करा. प्रत्येक रांगेत ६ ट्यूब येतील. लांबीच्या बाजूने दोन दिव्यांत २ मीटर आणि रुंदीच्या बाजूने १.६ मीटर अंतर राहील. भिंतीपासून पहिला दिवा त्याच्या निम्म्या अंतरावर ठेवा, म्हणजे कडेची यंत्रेही अंधारात राहणार नाहीत. दिवा पाठीमागे असेल, तर कारागिराची स्वतःचीच सावली जॉबवर पडते. म्हणून लेथवर एक लहान दिवा वेगळा लावतात. बारीक मापे वाचायला तोच उपयोगी पडतो.

आणखी एक धोका सांगतो. चोकवर चालणाऱ्या जुन्या ट्यूबचा प्रकाश एका सेकंदात १०० वेळा कमी-जास्त होतो. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. पण अशा प्रकाशात विशिष्ट वेगाने फिरणारे चाक चक्क थांबल्यासारखे दिसू शकते! थांबले आहे असे समजून कोणी हात लावला, तर? म्हणून जाणकार वायरमन शेजारशेजारच्या ट्यूब विजेच्या वेगवेगळ्या फेजवर जोडतो. स्वस्त एलईडी दिव्यांतही हा दोष असू शकतो. तेव्हा दिवा घेताना केवळ किंमत पाहू नये.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या फिटर होईल, कोणी वायरमन, कोणी इंजिनिअर, तर कोणी स्वतःचे वर्कशॉप काढील. तुम्ही कोणीही झालात, तरी हा हिशेब विसरू नका. सुरुवात आजच करा. आपल्या वर्गाची लांबी-रुंदी मोजा, दिव्यांवरचे लुमेन वाचा आणि गणित मांडा. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला फळा आणि पुस्तक नीट दिसते का, हेही त्याला विचारा. उत्तर कमी आले, तर आधी दिव्यांवरची धूळ पुसा. मग कागदावर मांडलेला हिशेब घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. नुसत्या तक्रारीपेक्षा आकड्यांनी सांगितलेली गोष्ट लवकर पटते.

शब्दार्थ
माळ – उघडे, सपाट रान. वाया जाणे – फुकट जाणे. भरवसा – विश्वास. वाफा – पाणी देण्यासाठी शेतात केलेला लहान चौकोन. शोषून घेणे – आत ओढून घेणे. निगा – काळजी, देखभाल. चुन्याचा हात देणे – भिंतीला चुना लावणे. पाळी – कामाची ठरलेली वेळ.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एक लक्स म्हणजे काय?
(आ) रात्रपाळीच्या कामगाराला दिव्यांची अधिक गरज का असते?
(इ) लेथवर वेगळा दिवा का लावतात?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पहिल्या हिशेबात १५ ट्यूब आल्या आणि नंतर ३० का झाल्या?
(आ) 'पुरेसा उजेड हा कामगाराचा हक्क आहे.' हे विधान स्पष्ट करा.

३. गणित करा. एका वर्गाची लांबी ८ मीटर आणि रुंदी ६ मीटर आहे. तेथे ३०० लक्स उजेड हवा आहे. एका ट्यूबचा उपयोगी प्रकाश ९६० लुमेन आहे. किती ट्यूब लागतील? त्या किती रांगांत लावाल?

४. कारखाना, कारागीर, हिशेब, मेहनत, मेहरबानी, हक्क हे शब्द उर्दूप्रमाणे मराठीतही वापरतात. त्यांपैकी काही शब्दांचा उच्चार मराठीत थोडा बदलला आहे. ते ओळखा. प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.