‘सामना’ : वाड्यातला हुकूमशहा आणि एक प्रश्न



हुकूमशाहीची टर उडवणारा चित्रपट म्हटलं की बहुतेकांना चार्ली चॅप्लिनचा १९४० सालचा ‘द ग्रेट डिक्टेटर’ आठवतो. गणवेश, मिशी, किंचाळत केलेली भाषणं आणि पृथ्वीच्या फुग्याशी खेळणारा वेडा सत्ताधीश. आपण हसतो आणि मनात म्हणतो, असली माणसं लांबच्या देशात असतात. हा समज मोडावा म्हणून या वेळच्या अभ्यासासाठी मी ‘सामना’ निवडला आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचं, निर्माते कवी रामदास फुटाणे.

यातला हुकूमशहा आपल्याला चांगला ओळखीचा आहे. हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) हे साखर कारखान्याचे सर्वेसर्वा. ते ओरडत नाहीत, उलट पाहुणचार करतात. गावात आलेल्या एका दारुड्या म्हाताऱ्या मास्तरला (डॉ. श्रीराम लागू) ते वाड्यावर नेतात, खाऊपिऊ घालतात. चित्रपटाचा काळा विनोद इथंच आहे. दंडुक्याने जे जमत नाही ते उपकाराने जमतं. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याविरुद्ध बोलायचं कसं, असं म्हणून माणूस आपणच गप्प बसतो.

दुसरी गोष्ट त्याहून कडू. १९५० मध्ये प्रवरेला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो शेतकरी कुणाच्या दारात हात पसरून उभा राहू नये म्हणून. म्हणजे ती एक क्रांतीच होती. ‘सामना’ दाखवतो की क्रांतीच्या घरातही गादी टाकता येते आणि त्या गादीवर नवा राजा बसतो. सभासद मात्र पूर्वीसारखेच हात जोडून उभे.

या राज्याला धक्का कोण देतो? फौज नाही, पक्ष नाही. मारुती कांबळे नावाचा एक माणूस नाहीसा झालेला असतो. त्याचं पुढं काय झालं, एवढंच मास्तर विचारत राहतो, तेही पाटलाचीच दारू पिऊन! मास्तर काही धुतल्या तांदळासारखा नाही. स्वातंत्र्याच्या स्वप्नाचा चुराडा बघून खचलेला माणूस आहे. तरी त्याचा प्रश्न खरा ठरतो. प्रश्न विचारायला आधी संत व्हावं लागत नाही, हे मला या पात्राने शिकवलं.

आता काळ बघा. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी लागू झाली आणि त्याच दिवसांत ‘सामना’ बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. इकडे अमृत नहाटांच्या ‘किस्सा कुर्सी का’ या हिंदी उपहासपटाच्या प्रती सरकारने जप्त केल्या आणि पुढे त्या जाळल्या गेल्या. तो पुन्हा नव्याने बनवून १९७८ मध्ये प्रदर्शित करावा लागला. त्यातल्या मुक्या बाईचं नाव होतं जनता. खुर्चीला हसण्याची भीती वाटते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

‘सामना’नंतर पटेल-तेंडुलकरांचाच ‘सिंहासन’ (१९७९) जरूर पाहा. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा हा चित्रपट. इथं निळू फुले पत्रकार दिगू टिपणीस आहेत. दिगूला सगळं माहीत असतं, पण त्या माहितीचं काहीच होत नाही. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. एका चित्रपटात प्रश्न विचारला जातो, दुसऱ्यात तो घशातच राहतो. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की अभ्यास पुरा होतो.

अनगोळात राहणाऱ्या आपल्याला हे जग परकं नाही. हंगामात संकेश्वर-निपाणीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे आपली एसटी कितीदा तरी रखडलेली असते. नोकरीसाठी कुणाची तरी चिठ्ठी, दवाखान्याच्या बिलाला कुणाची तरी मदत, हेही आपल्या घरांना माहीत आहे. मदत वाईट नसते. पण तिच्या बदल्यात आपला कोणता प्रश्न गहाण पडला, ते तपासावं लागतं.

चर्चेसाठी तीन मुद्दे देतो :

१. हिंदुराव कोणत्या प्रसंगांत आपल्याला आवडायला लागतात? का?

२. मास्तर दारुडा नसता, तर चित्रपट जास्त प्रभावी झाला असता का?

३. १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी भावासाठी हमरस्त्यावर ठाण मांडलं होतं. गोळीबार झाला, शेतकरी मेले. आंदोलन आपल्याला ऐकून माहीत आहे. मेलेल्यांपैकी एकाचं तरी नाव सांगता येतं का?

तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर चित्रपटात मिळणार नाही. त्यासाठी निपाणीकडच्या एखाद्या आजोबांजवळ बसावं लागेल. पुढच्या बैठकीला येताना एक तरी नाव विचारून या.