सुतारी बेंच: लाकूड स्वस्त चालेल, व्हाइस नाही

साडेपाच फूट लांब, 20 इंच रुंद, 33 इंच उंच असा भरभक्कम सुतारी बेंच घरी स्वतः बांधला, तर बाभळीत साधारण 15 हजार रुपये लागतात. तोच बेंच वाड्याच्या जुन्या सागात 23 हजारांवर जातो आणि बल्लारशाच्या नव्या सागात 44 हजारांवर. रंधा मारताना या तिन्हींत फारसा फरक कळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण वखारीत पाऊल टाकलं की ‘बेंच म्हणजे सागच हवा’ असं ठासून सांगणारे दोघे-तिघे तरी भेटतातच.

पुढचे सगळे भाव पुणे-मुंबईकडचे, अंदाजपत्रकापुरते धरलेले आहेत. दुकानागणिक आणि मालागणिक 20-25 टक्के इकडेतिकडे होतील. हिशेबाची रीत तीच राहील. करवत, रंधा, पटाशी, गुण्या ही हत्यारं तुमच्याकडे आहेत असं गृहीत धरलं आहे.

आपल्याकडचा सुतार पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून काम करत आला. त्याला बेंच लागलाच नाही, म्हणून आपल्या बाजारात तो तयार सहसा मिळत नाही. ऑनलाइन मिळणारे बहुतेक बेंच हलके असतात. वरची फळी दीड इंचाची, पाय बारीक, आणि जोरात रंधा मारला की बेंच पुढे सरकतो. उभ्याने काम करायचं तर नमुना युरोपातला घ्यावा लागतो आणि त्यात सगळ्यांत सोपा म्हणजे अठराव्या शतकातल्या आंद्रे-जाकोब रूबो या फ्रेंच सुताराचा. 1769 पासून खंडाखंडाने निघालेल्या त्याच्या सुतारकामाच्या ग्रंथात हा बेंच चितारलेला आहे. वर एक जाड फळा, खाली चार जाड पाय, पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, संपलं. ड्रॉवर, कपाट लागत नाही. पाय फळ्याच्या कडेशी अगदी एका रेषेत असतात, त्यामुळे दाराची लांब फळीसुद्धा पायाला टेकवून उभी आवळता येते. बाकी सगळी करामत वजनात आहे.

चार इंच जाडीचा अखंड फळा शोधत बसू नका. मिळाला तर परवडणार नाही, परवडला तर ओला निघेल. त्यापेक्षा दाराच्या चौकटीचं 4 बाय अडीच इंचाचं माप घ्या. असे नऊ तुकडे अडीच इंची बाजू वर करून उभे चिकटवले की रंधून झाल्यावर 20 इंच रुंद आणि पावणेचार इंच जाड फळा तयार होतो. पायांसाठी हेच तुकडे दोन-दोन जोडायचे. आडव्या पट्ट्याही याच मापाच्या.

लाकडाचा भाव घनफुटावर असतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करायचा आणि 144 ने भागायचं. फळ्याचे साडेपाच फुटी नऊ तुकडे म्हणजे 3.44 घनफूट. पायांचे पावणेतीन फुटी आठ तुकडे 1.53. आडव्या पट्ट्या मिळून साडेबारा फूट, म्हणजे 0.86. बेरीज 5.83. टोकाच्या चिरा, गाठी, वाकडे तुकडे यांत 15-20 टक्के जातातच, म्हणून 7 घनफूट धरा.

वखारीत टेप घेऊनच जा. ‘4 बाय अडीच’ म्हणून दिलेला तुकडा पुष्कळदा पावणेचार बाय सव्वादोन भरतो, कारण करवतीच्या पात्याने खाल्लेलं लाकूड तुमच्या हिशेबात धरलेलं असतं. पाव इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण 10 चौरस इंचांच्या जागी 8.44 मिळतात, म्हणजे माल जवळजवळ 16 टक्के कमी. 7 घनफुटांत हे एक घनफुटापेक्षा जास्त होतं. त्यात तुम्हाला त्यावर रंधा मारायचा आहे तो वेगळाच. तेव्हा भाव ठरवतानाच विचारा: माप भरीव की नावाचं? भाव कापलेल्या मालाचा की गोल लाकडाचा? जीएसटी धरून की सोडून? तिन्ही उत्तरं बिलावर आली पाहिजेत.

आता लाकूड कोणतं. माझं मत बाभळीच्या बाजूने आहे. बैलगाडीची चाकं आणि औतं ज्या लाकडाची व्हायची ते रंध्याच्या धक्क्याने हलणार नाही. भाव घनफुटाला 700 ते 1000, म्हणजे 7 घनफुटांचे 6 हजारांच्या आसपास. वजन घनफुटाला 22-23 किलो, त्यामुळे तयार बेंच 110 किलोच्या घरात जातो. सागाचा तोच बेंच 90 किलोचा होईल, पाइनचा 65-70 चा. बाभळीचे तोटेही आहेत. हत्याराची धार पटकन जाते, लाकूड वाळताना तडकतं आणि सरळ लांबी कमी मिळते. बेंच साडेपाच फुटांचाच धरला तो यासाठी. शहरातल्या वखारीत बाभूळ सहसा नसते. तालुक्याच्या गावी, शेतीची अवजारं बनवणाऱ्यांना माल देणाऱ्या सॉ मिलमध्ये चौकशी करा. घेताना कापाकडे बघा: आतला गाभा गुलाबी-तपकिरी असतो, बाहेरचा भाग पांढरट. पोखरणारी कीड या पांढऱ्या भागात आधी शिरते आणि मग बेंचखाली रोज पिठासारखी भुकटी पडते. पांढरा भाग जास्त असलेले तुकडे बाजूला काढायला लावा, दुकानदार कुरकुरला तरी.

बाभूळ मिळालीच नाही तर न्यूझीलंड पाइन. भाव जवळपास तोच, माल सरळ आणि वाळलेला, हत्याराला सोपा. हलका आहे, म्हणून खालच्या पट्ट्यांवर फळ्या टाकून तिथे हत्यारांची पेटी किंवा फरशीचे तुकडे ठेवा, काम भागतं.

जुना साग घनफुटाला दीड ते अडीच हजारांत मिळतो. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि वासे असतात हे. वर्षानुवर्षं वाळलेलं असल्याने हे लाकूड पुढे फारसं हलत नाही, हा मोठा फायदा. धोका खिळ्यांचा. खिळ्याचं डोकं तुटून गेलेलं असतं, वरून काही दिसत नाही. पण लोखंडाच्या संगतीने सागावर काळा डाग उतरतो. नाण्याएवढा काळा डाग दिसला की तिथे खिळा आहे असंच समजा आणि चुंबक फिरवून बघा. मशीनच्या रंध्यात खिळा गेला तर पातं गेलं, आणि त्याचे पैसे मिलवाला तुमच्याकडूनच घेतो. काही मिलवाले जुन्या लाकडाला हातच लावत नाहीत. घेण्याआधी त्यांना विचारा.

नवा साग, तोही आलापल्ली-बल्लारशाकडचा, घनफुटाला 5 हजार धरला तर नुसतं लाकूडच 35 हजारांचं. एवढ्या पैशात बेंचही होईल आणि त्यावर करायच्या पहिल्या दोन-तीन कामांचं लाकूडही येईल. गावच्या शेतातला साग किंवा फणस तोडून आणायचा बेत असेल, तर आधी परवानगीचं बघा. 1964 च्या महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियमाखाली ठरावीक जातींची झाडं स्वतःच्या शेतातलीही विनापरवाना तोडता येत नाहीत, आणि लाकूड हलवायला वाहतूक पासही लागू शकतो.

लाकूड आणल्याबरोबर कापायला घेऊ नका. ओलावा मोजायचं पिनांचं यंत्र हजार-दीड हजारांत येतं. 14 टक्क्यांच्या वर आकडा असेल तर तुकड्यांमध्ये पट्ट्या ठेवून, वारा खेळेल असा ढीग रचा आणि थांबा. पावसाळ्यात घेतलेला माल दिवाळीनंतर उघडला तर बरं. कोकणात आणि मुंबईत याला जास्त वेळ लागतो. घाईने बांधलेल्या बेंचचा फळा पहिल्या मार्च-एप्रिलमध्येच सांध्यात उघडतो.

चारही बाजू मिलमध्ये रंधून घ्या. हजार रुपये जातात, पण 17 तुकडे हाताने सरळ करण्यात महिना जाईल. टेम्पोचे आणखी हजार. त्यानंतर बहुतेक जण क्लॅम्पच्या खर्चात अडकतात. एवढा फळा आवळायला निदान सहा लांब क्लॅम्प लागतात आणि सहा चांगल्या क्लॅम्पना बाभळीएवढे पैसे पडतात. त्याऐवजी 12 मिलिमीटरचे तीन थ्रेडेड रॉड घ्या. प्रत्येक तुकड्याला एकाच जागी 14 मिलिमीटरची तीन भोकं पाडा, फेविकॉल लावा, रॉड आरपार घाला आणि दोन्हीकडून वॉशर-नट आवळा. नटासाठी बाहेरच्या तुकड्यांत आधीच खड्डा करायचा. रॉड कायमचे आत राहतात. नट, वॉशर, रॉड आणि किलोभर फेविकॉल मिळून 900 रुपये.

पायांना वर दोन इंचाचं कुसू काढून फळ्याच्या खालच्या खाचेत बसवा, पण तिथे फेविकॉल लावू नका. लांब पट्ट्याही बोल्टने जोडा, त्याला 400 रुपये पुरतात. फ्लॅट बदलताना फळा उचलून वेगळा करता आला पाहिजे; लिफ्टमध्ये अखंड बेंच मावत नाही. स्लॅबची काळजी नको. घरगुती मजला चौरस मीटरला 200 किलोच्या भाराच्या हिशेबाने धरलेला असतो, आणि हा बेंच व्हाइससकट तेवढा भरत नाही. काळजी खालच्या शेजाऱ्यांची करा: पायांखाली रबराचे तुकडे आणि ठोकाठोकी दुपारच्या झोपेनंतर.

आता व्हाइस, आणि इथे मात्र हात आखडता घेऊ नका. 7 इंची साधा सुतारी व्हाइस दोन-अडीच हजारांत मिळतो, 9 इंची झटपट उघडणारा साडेचार हजारांच्या पुढे. 9 इंची घ्या. दुकानात तो अर्धा उघडा आणि पुढचा जबडा धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. खडखडला तर ठेवून द्या. मग कागदाची पट्टी मध्ये धरून हळूहळू बंद करा: जबड्यांच्या वरच्या कडा आधी टेकल्या पाहिजेत, खालच्या नंतर. खालच्या आधी टेकत असतील तर लाकूड वर सटकेल. फिटरचा दातेरी व्हाइस फुकट मिळाला तरी या बेंचवर नको, लाकडावर त्याचे वण उठतात. जबड्यांना आतून अर्ध्या इंचाची लाकडी फळी स्क्रूने लावायची, ती झिजली की बदलायची.

दुसरी पकड म्हणजे होल्डफास्ट, उलट्या इंग्रजी ‘J’सारखा वाकवलेला लोखंडी गज. फळ्यातल्या भोकात तो घालून वरून हातोड्याचा ठोका दिला की लाकूड घट्ट धरतो आणि मागून ठोका दिला की सोडतो. परदेशी होल्डफास्ट महाग पडतात. आपला लोहार 18 मिलिमीटरच्या साध्या गोल गजाचा एक 500 रुपयांत वाकवून देतो. दोन करून घ्या. गज चकचकीत पॉलिशचा असेल तर भोकात घसरतो, पॉलिश पेपरने आडवा घासून खरबरीत करा. भोक 19 मिलिमीटरचं, अगदी सरळ खाली.

हिशेब असा झाला: बाभूळ 5,950, मिल 1,000, टेम्पो 1,000, व्हाइस 4,500, होल्डफास्ट 1,000, रॉड-बोल्ट-फेविकॉल 1,300, तेल आणि पॉलिश पेपर 400. एकूण 15,150. स्वतःचा हात बसलेला नसेल तर दिवसाला 1,200 घेणारा सुतार चार दिवस लावा, म्हणजे 20 हजारांना थोडे कमी. त्याला आधी चित्र दाखवा आणि ‘सनमायका लावायचा नाही’ हे दोनदा सांगा.

जागाच नसेल तर वेगळी युक्ती आहे. 18 मिलिमीटर प्लायच्या एका 8 बाय 4 च्या पाटाचे 4 बाय 2 फुटांचे चार तुकडे होतात. चारही एकावर एक चिकटवले की 72 मिलिमीटर जाडीचा, 30 किलोंवरचा फळा अडीच हजारांत हाती येतो. पाय पाइनचे लावा. प्लायवर रंधा मारता येत नाही, म्हणून वर हार्डबोर्ड ठोका आणि तो फाटला की बदला.

उंची ठरवताना ताठ उभं राहून हात सैल सोडा. मनगट येतं तिथे फळ्याचा वरचा पृष्ठभाग यावा. शंका असेल तर इंचभर उंचच बांधा, पाय नंतर कापता येतात. शेवटी रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल’ म्हणून मिळणारं जवसाचं तेल दोन हात पुसून घ्या. पॉलिश किंवा वॉर्निश नको, लाकूड त्यावरून घसरतं. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा. पहिल्या उन्हाळ्यात तिन्ही रॉडचे नट पाव-अर्धा फेरा आवळून घ्या, आणि नंतर सरळपट्टी धरून फळा कुठे उचलला गेला आहे ते बघून तेवढ्यावरच रंधा फिरवा.