जुन्या मालट्रकची अचानक थरथर : निदान व उपाय

शेतमाल बाजारात नेण्यासाठी आपल्यापैकी अनेकांकडे जुना ट्रक किंवा टेम्पो असतो. अशी गाडी कालपर्यंत नीट चालते आणि आज ठराविक वेगाला खालून थरथरू लागते. टायर झिजले असतील असे समजून पुष्कळजण तशीच गाडी चालवितात. परंतु थरथर हळूहळू वाढत गेली तर ती बहुधा झिजेमुळे असते. ती एकाएकी सुरू झाली तर काहीतरी तुटले, सैल झाले किंवा जागेवरून सरकले आहे, असे समजावे. गिअर बॉक्सकडील जॉइंट तुटल्यास शाफ्टचे पुढील टोक रस्त्यावर पडून रुतते आणि भरलेली गाडी उलटण्याचा धोका असतो. म्हणून कारण सापडेपर्यंत गाडीत माल भरू नये.

थरथर कोठून येते?

गिअर बॉक्समधील गती प्रोपेलर शाफ्टमार्फत मागील डिफरन्शियलकडे जाते. शाफ्टच्या टोकांना क्रॉस असलेले युनिव्हर्सल जॉइंट असतात. लांब गाडीत शाफ्टचे दोन तुकडे असून मध्ये सेंटर बेअरिंग असते. शाफ्ट चाकापेक्षा कितीतरी वेगाने फिरतो. उदाहरणार्थ, चाकाचा घेर २.५ मीटर असेल तर ताशी ५० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला ५ ते ६ फेरे घेते. डिफरन्शियलचे प्रमाण ५ असल्यास शाफ्टचे तेवढ्याच वेळात सुमारे २८ फेरे होतात. म्हणून चाकाचा दोष संथ हेलकाव्यासारखा, तर शाफ्टचा दोष बारीक, घुमणाऱ्या थरथरीसारखा जाणवतो. वेग दुप्पट झाला की असमतोलाचा जोर चौपट होतो. त्यामुळे ताशी २५ किलोमीटरला न जाणवणारा दोष ५० ला गाडी हलवितो.

रस्त्यावरील चाचणी

प्रथम गाडीखाली पाहून बोल्ट गळलेले किंवा जॉइंट ढिला नाही याची खात्री करावी. असे काही आढळल्यास चाचणी न घेता थेट दुरुस्ती करावी. चाचणी रिकाम्या गाडीने, सपाट व मोकळ्या रस्त्यावर घ्यावी.

१) गाडी उभी ठेवून इंजिनाचे फेरे वाढवावेत. थरथर आली तर दोष इंजिन, त्याची रबरी माउंटिंग किंवा क्लचकडे शोधावा.

२) थरथरीचा वेग येताच गिअर न्यूट्रल करून ॲक्सिलरेटर सोडावा. थरथर तशीच राहिली तर दोष शाफ्ट किंवा चाकात आहे. इंजिन मात्र बंद करू नये.

३) गाडी उचलताना धडधड होऊन पुढे कमी होत असेल तर सेंटर बेअरिंगचे रबर, मागील पाटे व जॉइंट यांचा संशय घ्यावा.

गाडीखालील तपासणी

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे. चाकांच्या पुढे व मागे लाकडी ठोकळे लावावेत. शाफ्ट सोडल्यावर गाडी गिअरमध्ये असूनही घरंगळते. काही गाड्यांत हँडब्रेक गिअर बॉक्समागे असतो, तोही मग निकामी होतो. म्हणून ठोकळ्यांशिवाय खाली जाऊ नये. नंतर पुढील गोष्टी पाहाव्यात.

• शाफ्टला चिकटलेला वाळका चिखल, पोचा किंवा गळून पडलेली बॅलन्सची पट्टी.
• फ्लँजचे सैल किंवा गळलेले बोल्ट.
• शाफ्ट हाताने पिळला असता क्रॉसमध्ये खेळ, कपाभोवती तांबूस भुकटी किंवा निघालेली सरक्लिप. तांबूस भुकटी म्हणजे आतील सुया ग्रीसअभावी गंजल्या.
• सेंटर बेअरिंगचे फाटलेले रबर.
• पाट्यांचे सैल यू-बोल्ट किंवा तुटलेला मधला बोल्ट. यामुळे मागचा आस सरकून जॉइंटचा कोन बिघडतो.

दुरुस्ती

केवळ चिखल असल्यास तो काढून पुन्हा चाचणी घ्यावी. सैल बोल्ट योग्य जोराने आवळावेत आणि गळलेल्याच्या जागी त्याच प्रतीचा बोल्ट घालावा. क्रॉसमध्ये खेळ असल्यास केवळ ग्रीस भरून भागत नाही, क्रॉस बदलावा. वाकलेला शाफ्ट हातोड्याने सरळ करू नये. तो बॅलन्सिंग यंत्र असलेल्या वर्कशॉपकडेच द्यावा.

शाफ्ट काढण्यापूर्वी सरकत्या जोडाच्या दोन्ही भागांवर आणि फ्लँजवर रंगाने खुणा करून ठेवाव्यात. दोन्ही टोकांची योक एका रेषेत न येता जोड दोन-चार दात सरकून बसला, तर नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरते. गॅरेजमधून आल्यावरच थरथर सुरू झाली असेल तर प्रथम हीच गोष्ट तपासावी.

यापुढील काळजी

क्रॉसला ग्रीस देताना चारही कपांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारावा. एका कपातून ग्रीस आले नाही तर तो कप कोरडा राहतो आणि तेथूनच झीज सुरू होते. चिखलातून किंवा पाण्यातून गाडी गेल्यास लवकर ग्रीस द्यावे. हंगाम सुरू होण्यापूर्वी बोल्ट, पाटे व सेंटर बेअरिंग एकदा पाहून घ्यावेत. क्रॉस वेळीच बदलला तर शाफ्ट व गिअर बॉक्सचा मोठा खर्च वाचतो, आणि टोमॅटो, द्राक्षांसारखा नाजूक मालही हादऱ्यांनी खराब न होता बाजारात पोचतो.